बन्सी चंद्रगुप्त यांचा चौक

'अपराजितो'मधल्या (१९५६) हरिहरच्या बनारसच्या घराचा चौक मी कित्येकदा पॉज करकरून पाहिला आहे. सांधा कुठे सापडत नाही. हा चौक बनारसमध्ये नाही, कोलकात्याच्या स्टुडिओत उभारलेला आहे. उभारणारे बन्सी चंद्रगुप्त.

काश्मीरमध्ये वाढलेले बन्सी चित्रकार व्हायला म्हणून कोलकात्याला आले. १९४७ साली सत्यजित राय आणि मंडळींनी कलकत्ता फिल्म सोसायटी काढली, त्यांत तेही होते. पुढे ज्याँ रेनुआर 'द रिव्हर'च्या शूटिंगसाठी बंगालमध्ये आला, तेव्हा त्याचा कलादिग्दर्शक यूजीन लूरिए याच्या हाताखाली त्यांना काम मिळालं. हीच त्यांची शाळा. मग 'पथेर पांचाली', आणि त्यानंतर हा चौक.

पावसाळा तोंडावर होता, म्हणून राय यांना सेट हवा होता. छायाचित्रकार सुब्रत मित्र तयार नव्हते. उघड्या चौकात आभाळाचा उजेड सगळीकडून येतो, सावली धड पडत नाही. स्टुडिओतल्या दिव्यांनी हे जमणार कसं? शेवटी सेटच्या डोक्यावर पांढरं कापड ताणलं आणि दिव्यांचे झोत त्यावर सोडले. कापडावरून परतलेला मऊ उजेड चौकात उतरला. या 'बाउन्स लायटिंग'चं श्रेय मित्र यांना मिळतं, आणि ते त्यांचंच आहे. पण दिवसभर कोड लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला वाटतं, की उत्तराबरोबर प्रश्न कुणी घातला तेही इतिहासात यायला हवं. बन्सींच्या भिंती इतक्या खऱ्या नसत्या, तर खोटा उजेडही खपून गेला असता.

'चारुलता'मधलं (१९६४) घर, 'नायक'मधला (१९६६) रेल्वेचा डबा, हेही सेटच. 'नायक'ची चर्चा उत्तमकुमारवर सुरू होते आणि तिथेच संपते. डब्याबद्दल कोण बोलणार?

पुढे ते मुंबईत काम करू लागले. 'सीमा' आणि 'दो झूठ'साठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. हे सिनेमे आज किती जणांना आठवतात? मधेच राय यांच्या 'शतरंज के खिलाडी'साठी (१९७७) जुनी जोडी पुन्हा जमली. मग आला 'चक्र', आपल्या जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा. दळवींनी शब्दांत उभी केलेली झोपडपट्टी पडद्यावर आणायची होती, आणि ते काम कोलकात्याहून आलेल्या या काश्मिरी माणसाकडे होतं.

जून १९८१ मध्ये न्यूयॉर्कला असताना बन्सी गेले. 'चक्र'चं फिल्मफेअर त्यांच्या पश्चात, १९८२ साली मिळालं.