एका पेपरचे किती गुण?

‘सात दिवसांत पेपर प्रसिद्ध, सोबत प्रमाणपत्र.’ अशा जाहिरातींचा दोष आपण इंटरनेटला देतो. मला वाटतं, भारतात गिऱ्हाईक तयार केलं ते नियमांनी.

२००९ साली यूजीसीने पीएचडीचा प्रबंध देण्याआधी एक पेपर छापणं सक्तीचं केलं. २०१० पासून प्राध्यापकांच्या बढतीसाठीही पेपरचे गुण मोजले जाऊ लागले. आकडा मोजणं सोपं. पेपर वाचायचा कुणी? दुकानं निघाली. लेखकाकडून पैसे घ्यायचे, तज्ज्ञांकडून तपासणी झाल्याचं नुसतं सांगायचं.

मग २०१७ मध्ये यूजीसीची मान्यताप्राप्त यादी आली आणि विद्यापीठांनी सुचवलेली नावं तिच्यात घुसली. म्हणजे दुकानावर सरकारी पाटी! भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे विद्यापीठात त्यातली १००९ जर्नल्स तपासली. निकषांवर टिकली फक्त ११२. कुणाचा पत्ता चुकीचा, कुठे संपादकांची नावंच नाहीत, कुणाचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ बनावट. आयएसएसएन मात्र बहुतेकांकडे असतो, कारण तो नुसता नोंदणीचा क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नाही.

मे २०१८ मध्ये यादीतून ४३०५ जर्नल्स वगळली गेली. २०१९ मध्ये ‘केअर’ यादी आली. २०२२ मध्ये पीएचडीची सक्ती गेली, २०२५ मध्ये ‘केअर’ही बंद झाली. आता जर्नल पारखायचं काम पुन्हा विद्यापीठांकडेच आहे. २०१७ च्या यादीत ती नावं सुचवणारीही तीच होती.