लांब पल्ल्याच्या सायकलिंगसाठी रोड बाईकमधील सुधारणा

लांब पल्ल्याच्या सायकलिंगसाठी रोड बाईकमधील सुधारणा म्हणजे २०० किलोमीटर वा त्याहून अधिक अंतर ठरावीक वेळेत, बाह्य मदतीशिवाय पार करता यावे म्हणून सायकलचे मूळ भाग बदलणे, नवे भाग जोडणे किंवा सायकलस्वाराच्या शरीराला अनुरूप अशी तिची पुनर्रचना करणे होय. सायकलस्वारांच्या बोलीत यास ‘अपग्रेड’ म्हणतात. शर्यतीच्या सायकलमध्ये वेग आणि हलकेपणा यांना प्राधान्य असते. लांब पल्ल्याच्या सायकलमध्ये आराम, टिकाऊपणा, सुलभ दुरुस्ती आणि रात्रीची सुरक्षितता यांना अधिक महत्त्व येते. या लेखात विषयाची सर्वसाधारण तत्त्वे देऊन, पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या तालुक्यांमधील रस्ते व हवामान यांच्या संदर्भात त्यांचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

लांब पल्ल्याच्या बिगरस्पर्धात्मक सायकलिंगची परंपरा युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही सुमारे १२०० किमीची मोहीम प्रथम १८९१ मध्ये झाली. ती आरंभी शर्यत होती. आज ती दर चार वर्षांनी होते आणि तिची कमाल कालमर्यादा ९० तासांची आहे. १९०४ मध्ये स्थापन झालेला ऑडॅक्स क्लब पॅरिसियन ‘ब्रेव्हे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपक्रमांना जगभर मान्यता देतो. ‘ब्रेव्हे’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ प्रमाणपत्र असा आहे. भारतात हे उपक्रम ऑडॅक्स इंडिया रँडोनियर्स या संस्थेमार्फत चालतात. प्रमुख ब्रेव्हेंच्या कालमर्यादा अशा आहेत :

- २०० किमी – १३ तास ३० मिनिटे
- ३०० किमी – २० तास
- ४०० किमी – २७ तास
- ६०० किमी – ४० तास
- १००० किमी – ७५ तास

यांपैकी पहिली चार अंतरे एकाच हंगामात पूर्ण करणाऱ्यास ‘सुपर रँडोनियर’ म्हणतात.

महाराष्ट्रात या प्रकाराकडे लोकांचे लक्ष वेधले जाण्यास काही सायकलस्वारांची कामगिरी कारणीभूत ठरली. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघगटात ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही स्पर्धा पूर्ण केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये तीच स्पर्धा एकल गटात पूर्ण केली. एकेकाळी ‘सायकलींचे शहर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात रोड बाईक चालवणाऱ्यांचे अनेक गट आहेत.

कालमर्यादा आणि सुधारणेचा हेतू

२०० किमीसाठी साडेतेरा तास म्हणजे ताशी सरासरी १४.८ किमी एवढाच वेग लागतो. मात्र या वेळेत जेवण, विश्रांती, नियंत्रणस्थानावरील नोंद आणि पंक्चर यांचाही समावेश असतो. प्रत्यक्ष चालवताना ताशी २० किमी वेग राखणाऱ्या स्वाराला सायकलवर १० तास लागतात व थांब्यांसाठी साडेतीन तास उरतात. तीन पंक्चरांमध्ये प्रत्येकी २० मिनिटे गेली, तर त्यांपैकी एक तास संपतो. हात बधिर झाल्यामुळे किंवा बैठक दुखल्यामुळे दर तासाला १० मिनिटे थांबावे लागले, तर आणखी दीड तासाहून अधिक वेळ खर्च होतो. म्हणून ब्रेव्हेच्या दृष्टीने चांगली सुधारणा म्हणजे वेग वाढवणारी नव्हे, तर थांबे कमी करणारी, असे सामान्यतः मानले जाते.

वजनाच्या बाबतीतही हिशेब उद्बोधक ठरतो. एक किलो वजन १००० मीटर उंच चढवण्यास सुमारे ९.८ किलोज्यूल ऊर्जा लागते. १२० वॅट शक्तीने पायडल मारणाऱ्या स्वाराला त्यासाठी सुमारे ८२ सेकंद लागतात. याचा अर्थ, सायकलचे वजन एक किलोने घटवण्यासाठी मोठा खर्च केला, तरी एकूण १५०० मीटर चढाच्या दिवसभरच्या प्रवासात केवळ दोन मिनिटे वाचतात. एक पंक्चर टळल्यास याच्या दहापट वेळ वाचतो.

शिरूर आणि दौंड परिसरातील परिस्थिती

शिरूर (घोडनदी) हे घोड नदीकाठचे गाव पुणे–अहिल्यानगर महामार्गावर पुण्यापासून सुमारे ७० किमी अंतरावर आहे. भीमा नदीकाठचे दौंड हे महत्त्वाचे रेल्वे जंक्शन आहे. पुणे–सोलापूर महामार्ग दौंड तालुक्यातून यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ या गावांवरून जातो. दौंड शहरासाठी महामार्ग सोडून आत वळावे लागते. न्हावरे–चौफुला रस्ता या दोन महामार्गांना जोडतो. शिरूर तालुक्यातील रांजणगाव हे अष्टविनायकांपैकी एक स्थान असून, भीमेपलीकडे कर्जत तालुक्यात असलेले सिद्धटेक दौंडहून जवळ आहे.

हा प्रदेश पर्जन्यछायेत येतो आणि बहुतांश सपाट आहे. त्यामुळे येथे स्वाराची कसोटी चढापेक्षा पुढील बाबींमुळे लागते :

- वारा : पावसाळ्यात पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात. पुण्याहून पूर्वेकडे जाताना ते पाठीशी असतात. परतताना, म्हणजे थकवा आल्यावर, ते समोरून येतात. हवेचा विरोध सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी २२ किमी वेगाने जाणाऱ्या स्वाराला समोरून ताशी १५ किमीचा वारा लागल्यास विरोध सुमारे २.८ पट होतो.
- काटे : रस्त्याकडेच्या बाभळी आणि वेड्या बाभळी यांचे काटे पंक्चरचे प्रमुख कारण असतात.
- उसाची वाहतूक : गाळप हंगामात ट्रॅक्टरला जोडलेल्या दुहेरी ट्रॉल्या रात्रंदिवस रस्त्यावर असतात. अनेकदा त्यांना मागचा दिवा वा परावर्तक नसतो. सांडलेला ऊस आणि उखडलेल्या कडा यांची त्यात भर पडते.
- अवजड वाहतूक : रांजणगाव आणि कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींमुळे दोन्ही महामार्गांवर मालमोटारी मोठ्या संख्येने असतात.
- काळी माती : पावसाळ्यात गावरस्त्यांवरील चिकट माती टायर आणि चिमटा यांच्यामध्ये साचते; जागा कमी असल्यास चाक अडकते.
- ऊन : एप्रिल–मे महिन्यांत तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. त्यामुळे पाण्याच्या दोन बाटल्यांची सोय आवश्यक ठरते.

सुधारणांचा प्राधान्यक्रम

१. बैठक आणि शरीराशी जुळवणी

सायकलची मापे शरीराशी जुळत नसतील, तर अन्य कोणत्याही सुधारणेचा पुरेसा उपयोग होत नाही. सीटची उंची व मागेपुढे स्थिती, हँडलची उंची आणि स्टेमची लांबी या गोष्टी प्रथम निश्चित केल्या जातात. हँडलवर दीर्घकाळ भार पडल्यास तळहातातील अल्नर मज्जातंतू दबतो व करंगळी आणि अनामिका बधिर होतात. ही बधिरता कधीकधी प्रवासानंतर आठवडेच्या आठवडे टिकते. स्टेम आखूड वा उंच करणे, जाड हँडल टेप लावणे आणि हातांची स्थिती वारंवार बदलणे हे त्यावरील उपाय होत. सीटची रुंदी बैठकीच्या हाडांमधील अंतरानुसार निवडतात. अधिक गादी असलेली सीट अधिक आरामदायक असतेच असे नाही. मऊ गादीत हाडे रुततात आणि त्यांच्यामधील नाजूक भागावर दाब येतो. या टप्प्यावरील खर्च सर्वांत कमी व लाभ सर्वाधिक असतो.

२. टायर

जुन्या रोड बाईकवर बहुधा २३ किंवा २५ मिमी रुंदीचे टायर असतात. खडबडीत डांबरी रस्त्यावर २८ ते ३२ मिमीचे टायर कमी दाबावर चालवल्यास धक्के कमी बसतात, आणि शरीर व सायकल यांच्या कंपनात वाया जाणारी ऊर्जा वाचते. रुंदी ठरवण्यापूर्वी चिमटा, मागचा त्रिकोण आणि ब्रेक यांच्यात पुरेशी मोकळी जागा आहे का, हे मोजणे आवश्यक असते. टायरवर छापलेली रुंदी आणि रुंद रिमवर बसवल्यानंतरची प्रत्यक्ष रुंदी यांत फरक पडू शकतो.

ट्यूबलेस टायरमधील द्रव बाभळीच्या काट्याने पडणारी लहान छिद्रे आपोआप बुजवतो. मात्र हा द्रव उष्णतेने लवकर सुकतो; उन्हाळ्यात त्याची तपासणी अधिक वेळा करावी लागते. मोठी चीर पडल्यास ट्यूब घालावीच लागते, म्हणून सुटी ट्यूब सोबत असणे गरजेचे असते. हूकविरहित रिमवर ५ बार, म्हणजे सुमारे ७२.५ पीएसआय, ही दाबाची कमाल मर्यादा असून ती ओलांडल्यास टायर रिमवरून निसटण्याचा धोका असतो.

मापांच्या नावांमुळे होणारा घोटाळा येथे नमूद करण्याजोगा आहे. साध्या भारतीय सायकलचे २८ × १½ इंची टायर आणि रोड बाईकचे ७००सी टायर या दोहोंना ‘अठ्ठावीस इंची’ म्हटले जाते. परंतु पहिल्याच्या बैठकीचा व्यास ६३५ मिमी, तर दुसऱ्याचा ६२२ मिमी असतो. त्यामुळे ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. व्हॉल्व्हही भिन्न असतात : रोड बाईकच्या प्रेस्टा व्हॉल्व्हसाठी रिमला सुमारे ६.५ मिमीचे भोक असते. साध्या सायकलचा व्हॉल्व्ह त्यातून जात नाही. पेट्रोल पंपावर हवा भरण्यासाठी प्रेस्टा व्हॉल्व्हवर बसणारी छोटी पितळी टोपी सोबत ठेवतात.

३. दिवे आणि परावर्तक

सकाळी सहाला सुरू झालेल्या ३०० किमी ब्रेव्हेची मुदत मध्यरात्रीनंतर दोन वाजता संपते. ४०० किमीमध्ये बहुतेकांना संपूर्ण रात्र रस्त्यावर काढावी लागते. ब्रेव्हेच्या नियमांनुसार रात्री पुढचा व मागचा दिवा आणि परावर्तक जाकीट अनिवार्य आहे. ताशी ३० किमी वेगाने जाणारा स्वार दीड सेकंदाच्या प्रतिक्रियाकाळात, ब्रेक दाबण्यापूर्वीच, सुमारे १२.५ मीटर पुढे गेलेला असतो. बिनदिव्याची ट्रॉली वेळीच दिसण्यासाठी पुढच्या दिव्याचा झोत याहून बराच दूर पोहोचला पाहिजे. नोव्हेंबरमध्ये या भागात रात्र साडेबारा तासांहून मोठी असते. म्हणून दिव्याची कमाल प्रखरता किती, यापेक्षा उपयुक्त प्रखरतेवर तो किती तास चालतो, हे पाहणे महत्त्वाचे ठरते. पर्याय म्हणून पुढच्या चाकात डायनॅमो हब बसवतात. तो सामान्यतः ६ व्होल्ट, ३ वॅट क्षमतेचा असतो. त्याने चार्जिंगची चिंता मिटते. मात्र चाक नव्याने बांधून घ्यावे लागते.

४. गिअर

शिरूर–दौंड भाग सपाट असला, तरी यवतजवळील भुलेश्वरचा चढ, तसेच पुण्याभोवतीचे दिवे, कात्रज आणि खंबाटकी हे घाट लांब मार्गांत येऊ शकतात. पुढे ३४ आणि मागे २८ दात्यांच्या जोडीवर पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे २.५५ मीटर जाते. मागे ३४ दाते घेतल्यास २.१ मीटर. मिनिटाला ७० फेऱ्यांच्या गतीने पहिल्या जोडीवर ताशी १०.७ किमी, तर दुसरीवर ८.८ किमी वेग पडतो. याहून हळू चढावे लागल्यास पायडलची गती घटते आणि गुडघ्यांवरील ताण वाढतो. समोरच्या वाऱ्यातही हाच हलका गिअर उपयोगी पडतो.

मागचा कॅसेट बदलताना डिरेलरची क्षमता पाहावी लागते. आखूड पिंजऱ्याचे डिरेलर बहुधा २८ ते ३० दात्यांपर्यंतच चालतात. ३४ दात्यांसाठी लांब पिंजरा लागतो आणि बहुधा चेनही लांब घ्यावी लागते. आठ-नऊ-दहा गतींच्या सायकलला अकरा गतींचा संच बसवण्यासाठी शिफ्टर, डिरेलर, चेन, कॅसेट आणि अनेकदा मागचा हबही बदलावा लागतो. हा खर्च इतका वाढतो, की त्याऐवजी आहे त्याच संचात मोठा कॅसेट बसवणे बहुधा श्रेयस्कर ठरते.

५. चाके आणि ब्रेक

लांब पल्ल्यासाठी ३२ तारांची, हाताने बांधलेली चाके विश्वसनीय मानली जातात. अशा चाकातील एखादी तार तुटली, तरी चाक फारसे वाकत नाही, आणि सायकल दुरुस्त करणारा साधा कारागीरही तार बदलून ‘आऊट’ काढू शकतो. अत्यल्प तारांच्या शर्यती चाकांबाबत हे शक्य होत नाही. त्यांचे सुटे भाग निमशहरी बाजारात क्वचितच मिळतात. डिस्क ब्रेक पावसात अधिक खात्रीचे असतात, परंतु ते बसवण्याची सोय मूळ सांगाड्यातच असावी लागते. ती नसल्यास उत्तम प्रतीचे ब्रेक पॅड आणि नव्या केबल हा स्वस्त उपाय ठरतो.

नवी सायकल की सुधारणा

जुन्या सायकलचा सांगाडा शरीराला फार मोठा वा लहान असेल, किंवा त्यात २८ मिमीचा टायर मावत नसेल, तर सुधारणेवर खर्च करण्याऐवजी ‘एन्ड्युरन्स’ प्रकारची नवी सायकल घेण्याचा विचार केला जातो. या प्रकारात हँडल तुलनेने उंच, चाकांमधील अंतर अधिक आणि टायरसाठी जागा मोकळी असते. सांगाडा योग्य मापाचा व बिनभेगांचा असेल, तर सीट, टायर, दिवे आणि कॅसेट या चार सुधारणांनी ती सायकल बहुतांश ब्रेव्हेंसाठी पुरेशी सिद्ध होते.

चाचणी आणि देखभाल

कोणताही नवा भाग प्रथमच ब्रेव्हेच्या दिवशी वापरणे धोक्याचे मानले जाते. एका वेळी एकच बदल करून, त्यावर १०० किमीचा सराव केल्यास दुखण्याचे कारण निश्चित करता येते. चेनचे झिजमापनही नियमित करावे लागते. बारा कड्यांची, म्हणजे मुळात ३०४.८ मिमी भरणारी लांबी सुमारे २.३ मिमीने वाढल्यास, म्हणजे ०.७५ टक्के झीज झाल्यास, चेन बदलतात. अकरा-बारा गतींच्या चेनसाठी ही मर्यादा ०.५ टक्के आहे. चेन वेळेवर बदलल्यास महागडा कॅसेट वाचतो.

हे सुद्धा पहा

- सायकल
- पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस
- रेस अक्रॉस अमेरिका
- शिरूर तालुका
- दौंड तालुका