रोही कीं नीलगाय ?

नांदेडहून येणाऱ्या रस्त्याला जेथें एक वाट हिंगोलीकडे व दुसरी नागपूरकडे फुटते, तें ठिकाण म्हणजे कळमनुरी तालुक्यांतील वारंगा फाटा. या बाजूच्या शिवारांत हरभऱ्यावर व सोयाबीनवर तुटून पडणाऱ्या एका थोराड रानजनावराला शेतकरी 'रोही' म्हणतो. पुस्तकांत व सरकारी कागदांत त्याचेंच नांव 'नीलगाय' असें असतें. आणि वाटसरू त्याला नुसतें 'हरीण' म्हणून मोकळा होतो. या तीन नांवांपैकीं खरें कोणतें, हा प्रश्न केवळ कोशकारांच्या करमणुकीचा नाहीं.

प्रथम हरणाचा दावा पाहूं. सांबर, चितळ हीं खरीं हरणें. त्यांच्या नराचीं शिंगें भरीव व फांटेदार असून दरवर्षीं गळून पडतात. या जनावराच्या नराचीं शिंगें आखूड, पोकळ आवरणाचीं व जन्मभर टिकणारीं असतात. काळविटाप्रमाणें तेंही गाई-बकऱ्यांच्या मोठ्या कुळांतलें आहे. परंतु यांत वाटसरूला हंसण्याचें कारण नाहीं. संस्कृतांत 'मृग' म्हणजे मुळीं कोणतेंही रानटी जनावर; म्हणूनच सिंह 'मृगराज' झाला आणि वानर 'शाखामृग'.

आतां नीलगाय. नर वयांत आला म्हणजे निळसर करडा होतो. मादी मात्र जन्मभर पिंगट-तांबूसच राहते. म्हणजे जी गाय ती नील नव्हे, आणि जो नील तो गाय नव्हे ! नांवांत गाय असूनही या प्राण्याची शिकार चुकली नाहीं. जहांगीर बादशहाच्या आत्मचरित्रांतच तिचे उल्लेख सांपडतात. पाश्चात्य पंडितांचीही अशीच तारांबळ उडाली. पाल्लासनें 1766 मध्यें त्यास 'बोकड-उंट' या अर्थाचें नांव दिलें. पुढें त्यास 'बैल-हरीण' या अर्थाचें गणनाम जोडलें गेलें. एका प्राण्याच्या नांवांत चार जनावरें कोंबलीं, तरी तो प्राणी कांहीं त्यांत मावला नाहीं.

उरला शेतकऱ्याचा शब्द. ऐतरेय ब्राह्मणांत प्रजापति 'ऋश्य' होऊन 'रोहित्' झालेल्या कन्येमागें लागतो, अशी कथा आहे. आकाशांतील मृगनक्षत्र तें हेंच. रोहित् म्हणजे तांबडी मादी. नराला एक व मादीला एक अशीं दोन निराळीं नांवें तेथें आढळतात. 'रोही' हा शब्द याच रोहित्-कुळांतला असावा, असें आम्हांस वाटतें. आणि तांबूस मादीला तो चपखल शोभतो.

या नांवांवर बरेंच कांहीं अवलंबून आहे. केंद्र सरकारनें डिसेंबर 2015 मध्यें बिहारच्या कांहीं जिल्ह्यांत या प्राण्यास उपद्रवी ठरवून मारण्याची मुभा दिली, आणि 2016 मध्यें देशभर वाद माजला. 'गाय' म्हटलें कीं हात जोडले जातात, 'उपद्रवी' म्हटलें कीं बंदूक उचलली जाते. पण माळ्यावर रात्र जागवून पीक राखणाऱ्या कुणब्याच्या पदरांत दोहोंपैकीं कोणत्याही नांवानें फारसें कांहीं पडत नाहीं. 'रोही' म्हणणारा माणूस त्या जनावराला पुजीत नाहीं, त्याचा द्वेषही करीत नाहीं. तो त्याला ओळखतो. नुकसानीची भरपाई व जनावराचें रक्षण या दोहोंचा विचार ओळखीवांचून व्हावयाचा नाहीं. म्हणून आमच्या पाठ्यपुस्तकांनीं व सरकारी कागदांनीं हा घरचा शब्द उचलावा, असें आम्ही सुचवितों.