कल्याणीचा द्वारपाल

कावेरीच्या सुपीक खोऱ्यात, कुंभकोणमच्या पश्चिमेस कोसभर अंतरावर दारासुरम् नावाचे एक लहानसे गाव आहे. बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळाने तेथे ऐरावतेश्वराचे मंदिर बांधविले. मंदिराच्या मंडपास दगडी चाके व घोडे जोडून त्याला रथाचे रूप दिले आहे आणि पायथ्याच्या पट्टीवर त्रेसष्ट शैव संतांच्या कथा लहान लहान शिल्पांत कोरल्या आहेत. त्या संतांत राजे व ब्राह्मण जसे आहेत, तसेच कुंभार, कोळी, परीट आणि शिकारीही आहेत. पंढरीच्या वाटेवरील संतमेळ्याशी परिचय असलेल्या मराठी माणसास हे दृश्य परके वाटू नये. २००४ साली युनेस्कोने या मंदिराचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत केला आणि एके काळी राजाची म्हणून उभारलेली ही वास्तू साऱ्या मानवजातीची ठेव ठरली.

तथापि प्रस्तुत लेखाचा विषय हे मंदिर नसून, पूर्वी त्या मंदिरात असलेली व आता तंजावरच्या राजवाड्यातील कलासंग्रहात ठेवलेली एक मूर्ती हा आहे. मूर्ती द्वारपालाची असून काळ्या दगडाची आहे. चोळांच्या शिल्पांहून तिची घडण निराळी आहे, हे थोड्या सरावाने कोणाच्याही ध्यानात येईल. कारण ती चालुक्यांच्या देशातील आहे. तिच्या पीठावर तमिळ भाषेत एक लेख कोरलेला आहे. विजयराजेंद्रदेवाने कल्याणपुराचा विध्वंस करून हा द्वारपाल आणला, एवढाच त्याचा आशय. विजयराजेंद्र म्हणजे चोळ सम्राट पहिला राजाधिराज, आणि कल्याणपुर म्हणजे चालुक्य राजा पहिला सोमेश्वर याची राजधानी कल्याणी. तेच आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण, जेथे कानडी आणि मराठी या दोन भाषा पिढ्यान् पिढ्या शेजारधर्माने नांदत आल्या आहेत.

ही घटना अकराव्या शतकाच्या मध्यास घडली. दारासुरम्‌चे मंदिर त्यानंतर शंभर वर्षांनी उभे राहिले. तेव्हा हा द्वारपाल प्रथम अन्यत्र असला पाहिजे आणि मागाहून तेथे आला असला पाहिजे. त्याच्या स्वामींच्या नशिबीही स्वास्थ्य नव्हते. राजाधिराज १०५४ साली कोप्पमच्या लढाईत चालुक्यांशी लढताना रणांगणावर पडला. जिंकणारा गेला, हरणारा गेला, दोन्ही राजवंश कालौघात लोपले. उरला तो हा दगडी युद्धकैदी, ज्याच्या अंगावर त्याला पकडून आणणाऱ्याचे नाव कोरलेले आहे. ज्या दाराचे रक्षण करण्यासाठी तो घडविला गेला, ते दार नऊ शतकांहून अधिक काळ त्याच्यावाचून राहिले आहे.

या गोष्टीत राजाधिराजास विशेष दोष देण्याचे कारण नाही. तो ज्या जगात वावरत होता, त्या जगाचा हाच रिवाज होता. पराभूताचा देव, ध्वज अथवा दाराचा राखणदार घेऊन येणे हे विजयाचे प्रमाणपत्र मानले जाई. राज्याराज्यांतील सहकार्य त्या काळास अपरिचित होते असेही नव्हे. सुमात्रेतील श्रीविजयाच्या राजाने १००६ च्या सुमारास नागपट्टणम् येथे बौद्ध विहार बांधविला, तेव्हा शिवभक्त राजराज चोळाने त्यासाठी आनैमंगलम् गावाचे उत्पन्न लावून दिले. धर्म निराळा, देश निराळा, मध्ये समुद्र; तरी हा सलोखा घडला. परंतु १०२५ साली राजराजाच्या पुत्राचेच आरमार श्रीविजयावर चालून गेले. सलोख्याचा आधार राजाची मर्जी हाच असल्यामुळे, मर्जी फिरताच तो संपला.

आपण मराठी माणसांनी तर हा इतिहास वाचताना मान ताठ ठेवण्याचे काहीच कारण नाही. १७९१ साली टिपूविरुद्धच्या मोहिमेत मराठ्यांच्या फौजेबरोबरच्या लोकांनी शृंगेरीचा मठ लुटला, आणि त्याच्या पुनःस्थापनेस साहाय्य केले ते टिपूने. हिंदुपदपातशाहीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हे पान उलटून पुढे जाऊ नये. कल्याणीचा द्वारपाल आज ज्या राजवाड्यात उभा आहे, तोही नायकांचा वाडा व्यंकोजी भोसल्यांनी सतराव्या शतकात जिंकून घेतलेला. आणि भोसल्यांचे ते राज्य १८५५ साली औरस वारस नाही म्हणून कंपनी सरकारने खालसा केले. एकाच छताखाली जेत्यांची अशी रांग लागलेली पाहिली म्हणजे विजय या शब्दाची किंमत मनातल्या मनात उतरू लागते.

याच पार्श्वभूमीवर स्वतंत्र भारताने जगाच्या व्यवहारात प्रवेश केला. दोनशे वर्षे जे राष्ट्र स्वतःच दुसऱ्याच्या यादीतील एक जिन्नस होते, त्याने शांततेची भाषा बोलावी यात नवल नव्हते. पण ही भाषा दुबळ्याची विनवणी आहे, असा आक्षेप तेव्हाही घेतला जाई. त्याचा विचार करण्यासाठी १९५४ हे एकच वर्ष घेऊन पाहावे. त्या वर्षी २९ एप्रिलला पेकिंग येथे तिबेटसंबंधी भारत-चीन करार झाला आणि पंचशील हा शब्द जगाच्या कानी पडला. पंधरा दिवसांनी, १४ मे रोजी, हेग येथे युद्धकाळात सांस्कृतिक संपत्तीचे रक्षण करण्याविषयीचा करार झाला. आणि १ नोव्हेंबरला पुदुच्चेरी व इतर फ्रेंच वसाहतींचा कारभार, फ्रान्सशी झालेल्या वाटाघाटींनुसार, भारताच्या हाती आला.

या तिहींपैकी पहिल्याचा गाजावाजा सर्वांत मोठा झाला. पुढच्याच वर्षी बांडुंग येथे आशिया व आफ्रिकेतील एकोणतीस राष्ट्रे एकत्र आली, तेव्हा त्या पाच तत्त्वांचा प्रतिध्वनी तेथेही उमटला. परंतु तो करार आठ वर्षांच्या मुदतीचा होता. १९६२ मध्ये मुदत सरली आणि त्याच वर्षी हिमालयात तोफा धडाडल्या. या अनुभवाने देशाचे मन पोळले आणि विश्वशांतीचे नाव काढणारास भोळा ठरविण्याची चाल पडली. शिवाय आदल्याच वर्षी, डिसेंबर १९६१ मध्ये, गोव्याचा प्रश्न भारतालाही सैन्य पाठवून सोडवावा लागला होता. पोर्तुगालने वाटाघाटींची सारी दारे बंद केली होती हे खरे. तरी ज्या उपायाने पुदुच्चेरी आले त्या उपायाने गोवा आले नाही, ही नोंद प्रामाणिक इतिहासात राहावयासच हवी.

मग ती आशा व्यर्थ होती काय? मी सरकारी कचेरीत कारकून आहे. घोषणांपेक्षा जोडपत्रे वाचण्याची मला सवय आहे. म्हणून या प्रश्नाचे उत्तर मी त्या वर्षातील दुसऱ्या व तिसऱ्या घटनेत शोधतो.

हेगच्या कराराबरोबरच्या जोडपत्रात एक कलम आहे. व्याप्त प्रदेशातून बाहेर नेलेली सांस्कृतिक संपत्ती युद्ध संपल्यावर परत केली पाहिजे, आणि युद्धाची भरपाई म्हणून ती कदापि ठेवून घेता येणार नाही, असा त्याचा अर्थ. भारताने हा करार १९५८ मध्ये मान्य केला. त्यापूर्वी, १९५६ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, युनेस्कोची सर्वसाधारण परिषद दिल्लीस नव्या विज्ञान भवनात भरली. अध्यक्षस्थानी मौलाना आझाद होते. बाहेर सुएझ व हंगेरी येथील रक्त वाळलेही नव्हते. अशा वेळी त्या परिषदेने उत्खननविषयक तत्त्वे संमत केली आणि व्याप्त भूमीत उत्खनन करू नये, काही सापडलेच तर ते शांतता होताच मूळ देशाच्या स्वाधीन करावे, असे त्यांत नमूद केले. राजाधिराजाच्या शिलालेखाशेजारी हा ठराव ठेवून वाचावा. एकात नेणाऱ्याचे नाव अभिमानाने कोरलेले आहे, दुसऱ्यात नेण्याचा हक्कच नाकारलेला आहे. हा बदल कोणा एका राष्ट्राच्या औदार्याने झाला नाही. ज्यांचे फार काही नेले गेले होते, अशी नवस्वतंत्र राष्ट्रेही सभागृहात मतदानाच्या हक्काने बसू लागली होती, हेही त्याचे एक कारण होते.

अर्थात कागदावर शाई वाळली म्हणजे काम होत नाही, हे कारकुनाइतके कोणास ठाऊक असणार? कुंभकोणमजवळच्याच शिवपुरम् गावी १९५१ च्या सुमारास शेतात एक चोळकालीन नटराज सापडला. १९५४ मध्ये तो दुरुस्तीसाठी दिला गेला आणि देवळात परत आली ती त्याची नक्कल. भाविक कित्येक वर्षे त्या नकलेसमोर हात जोडत राहिले. ब्रिटिश म्युझियमचे विद्वान डग्लस बॅरेट यांनी १९६५ च्या आपल्या ग्रंथात खरी मूर्ती मुंबईत एका खाजगी संग्रहात असल्याचे लिहिले, तेव्हा हा प्रकार उघडकीस आला. तरीही मूर्ती समुद्रापार गेली व अमेरिकेतील नॉर्टन सायमन यांच्या संग्रहात पोचली. भारत सरकारने न्यायालयात दावे लावले. १९७६ मध्ये तडजोड झाली आणि दहा वर्षांनी, १९८६ मध्ये, नटराज स्वदेशी परतला. ही चोरी कोणा परकीय फौजेने केलेली नव्हती. दार आतूनच उघडले गेले होते. आपल्याच गावातील देवाची नोंद आणि छायाचित्र आपण नीट ठेवले नाही, तर जगातील कोणताही करार आपल्या साह्यास येऊ शकत नाही.

नोंदीचे हे महत्त्व तिसऱ्या घटनेवरून अधिक स्पष्ट होईल. पुदुच्चेरीच्या हस्तांतराच्या वाटाघाटींतूनच तेथे १९५५ साली फ्रेंच संशोधन संस्था स्थापन झाली. पुढील वर्षापासून तिच्या लोकांनी तमिळ देशातील देवळादेवळांत हिंडून मूर्तींची छायाचित्रे टिपण्याचे काम आरंभिले. त्यात ना गाजावाजा होता, ना कोणाच्या गळ्यात हार पडले. अरियलूर जिल्ह्यातील श्रीपुरंदान येथील नटराज चोरीस जाऊन ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहात पोचला, तेव्हा याच संस्थेची जुनी छायाचित्रे पुराव्यास उपयोगी पडली आणि २०१४ मध्ये तो नटराज भारतास परत मिळाला. साम्राज्याने जाताना तोफ न डागता एक छायाचित्रांचे दप्तर मागे ठेवले, आणि साठ वर्षांनी त्या दप्तराच्या आधारे तिसऱ्या एका देशाने आपल्या संग्रहातील मूर्ती बाहेर काढून दिली. आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणतात ते याहून निराळे काय असते?

सहकार्याची दुसरी बाजूही आपल्या हातून घडली आहे. कंबोडियात यादवी युद्धाने सर्वनाश ओढवला असता आणि तेथील तत्कालीन सरकारास बहुतेक पाश्चात्त्य राष्ट्रे मान्यता देत नसता, १९८६ पासून १९९३ पर्यंत भारताच्या पुरातत्त्व खात्याच्या तंत्रज्ञांनी अंकोरवाट मंदिराची डागडुजी केली. त्यांच्या पद्धतीवर मागाहून टीका झाली, हेही सांगितले पाहिजे. पण ज्या समुद्रावरून एके काळी चोळांचे आरमार लुटीसाठी गेले, त्याच समुद्रापलीकडे भारतीय माणसे आता पडझड सावरण्यासाठी गेली, हा फरक इतिहासाने टिपून ठेवण्याजोगा आहे.

या करारांनी युद्धे थांबलेली नाहीत. २००१ मध्ये बामियानच्या बुद्धमूर्ती सुरुंगांनी उडविल्या गेल्या, २०१५ मध्ये पाल्मिराची मंदिरे उद्ध्वस्त झाली. त्यामुळे आशेचे माप फार मोठे घेऊ नये. परंतु ते शून्यही धरू नये. पूर्वी असल्या कृत्यांची प्रशस्ती दगडावर कोरली जाई; आता ती गुन्हा म्हणून नोंदली जातात. टिंबक्टूच्या दर्ग्यांचा विध्वंस करणाऱ्या एका इसमास हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०१६ मध्ये नऊ वर्षांची शिक्षा दिली. प्रशस्तीपासून आरोपपत्रापर्यंतचे हे अंतर मानवजातीने पायी चालून काटले आहे, आणि त्या वाटचालीत आपल्या गरीब देशाचीही काही पावले आहेत.

शेवटी प्रश्न उरतो तो घरचा. कल्याणीच्या द्वारपालाची मागणी करण्यास आज कोणताही आंतरराष्ट्रीय करार लागू नाही, कारण कल्याणी व तंजावर ही दोन्ही एकाच देशात आहेत. तो परत न्यावा असे माझे म्हणणे नाही. त्याच्या पीठावरील तमिळ अक्षरांनी तो आता दोन्ही प्रांतांचा झाला आहे. मात्र त्याची कथा बसवकल्याणच्या मुलांना शाळेत सांगितली जावी आणि तंजावरच्या मुलांनाही. आणि सांगताना कोणी त्यात आपल्या बाजूचा विजय किंवा आपल्या बाजूचा अपमान शोधू नये. सीमेवरील एखाद्या गावावरून अथवा नदीच्या पाण्यावरून शेजारी राज्यांत जेव्हा कटुता वाढते, तेव्हा लंडन व कॅनबेरा येथून मूर्ती परत मागणाऱ्या राष्ट्रास हा घरचा धडा गिरवावाच लागेल. परक्यांकडे न्याय मागण्याचा अधिकार जो आपल्या घरच्या लुटीचाही हिशेब ठेवतो, त्यालाच शोभतो. तो हिशेब मांडण्यास दारासुरम्‌च्या या जुन्या रहिवाशापासून आरंभ करावा, इतकेच सुचवावयाचे आहे.