ताडोब्यास मुक्काम कोठे करावा?

वाघ पाहावयास निघालेला गृहस्थ आधी मुक्कामाची चौकशी करतो. चंद्रपूरच्या ताडोब्यात या चौकशीला मोठा इतिहास आहे. तळ्याकाठी, झाडाखाली तारूचे ठाणे आहे. हा गावचा प्रमुख वाघाशी झुंजताना पडला आणि गोंडांचा देव झाला, अशी कथा. पुढे बंदूकवाले आले. १९३५ साली येथील शिकार थांबली, १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ साली अंधारी अभयारण्यासह व्याघ्रप्रकल्प. वाघाला रान मोकळे मिळाले खरे. पण त्यासाठी बोटेझरी, जामणी यांसारख्या गावांना चुली उचलाव्या लागल्या. पाहुण्यांच्या खाटा मात्र रानाच्या वेशीवर वाढतच गेल्या!

तेव्हा मुक्काम निवडताना आधी प्रवेशपत्र पाहावे. ते ठरावीक दाराचेच असते. मोहर्लीचे असेल तर मोहर्लीतच उतरावे. कोलाऱ्यास राहून पहाटे मोहर्ली गाठणे म्हणजे झोप आणि वाघ दोन्ही घालविणे. मग पोहण्याचा तलाव केवढा, हे विचारण्यापूर्वी यजमानास विचारावे, ‘स्वयंपाकाला, राबत्याला या गावची माणसे किती?’ त्याने दहा नावे भराभर सांगितली, तर खुशाल सामान उतरवावे.