धर्म जेव्हा परीक्षेचा विषय झाला

७ डिसेंबर १८६० रोजी ऑक्सफर्डमध्ये संस्कृतच्या प्राध्यापकपदासाठी मतदान झाले. मतदार होते विद्यापीठाचे एम.ए. झालेले जुने विद्यार्थी, आणि त्यांत पाद्र्यांचा भरणा मोठा होता. उमेदवार दोन. एक मॅक्स म्युलर, सायणभाष्यासह ऋग्वेद छापण्याचे काम अंगावर घेतलेले जर्मन पंडित. दुसरे मोनियर विल्यम्स, ज्यांचा जन्म मुंबईचा. विल्यम्सना ८३३ मते पडली, म्युलरना ६१०. ज्यांच्या पैशातून हे पद निर्माण झाले होते ते जोसेफ बोडन ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतले अधिकारी. इंग्रजांना संस्कृत येऊ लागले की भारतीयांना ख्रिस्ती धर्माकडे वळवणे सोपे जाईल, हा आपला हेतू त्यांनी मृत्युपत्रातच नमूद केला होता. म्युलर परदेशी, आणि त्यांचे धर्मविषयक विचार पाद्र्यांच्या दृष्टीने फारच मोकळे. विद्वत्तेच्या जोरावर ते निवडून येतील ही आशा फोल ठरली.

हरलेल्या म्युलरसाठी विद्यापीठाने १८६८ साली तौलनिक भाषाशास्त्राचे नवे पद काढले. भाषांची कुळे लावता लावता त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला, की भाषांसारखा धर्मांचाही अभ्यास का होऊ नये? फेब्रुवारी १८७० मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी या विषयावर चार व्याख्याने द्यायला सुरुवात केली. ही संस्था विज्ञानाची; मायकेल फॅरडे यांनी आपले विजेचे प्रयोग तिथेच केले होते. ज्याला स्वतःचा एकच धर्म ठाऊक आहे त्याला तोही नीट ठाऊक नसतो, अशा आशयाचे विधान म्युलर यांनी तिथे केले. जर्मन कवी गटेने भाषांविषयी म्हटले होते ते त्यांनी धर्मांना लावले. आज जगभर पदव्युत्तर वर्गांत जो विषय धर्माभ्यास किंवा तौलनिक धर्म या नावाने शिकवला जातो, त्याची कुळकथा सांगणारे बहुतेक जण याच व्याख्यानांपासून सुरुवात करतात.

धर्माचे शिक्षण विद्यापीठांना नवे नव्हते. पॅरिस आणि ऑक्सफर्ड या विद्यापीठांत मध्ययुगापासून ईश्वरशास्त्र हे मानाचे शास्त्र होते. पण ते चर्चसाठी होते: ख्रिस्ती सिद्धांत खरे आहेत हे गृहीत धरून ते समजावणे, त्यांचे मंडन करणे आणि धर्मोपदेशक तयार करणे. म्युलर मागत होते ते वेगळे होते. बौद्धांचे त्रिपिटक, पारशांचा अवेस्ता, मुसलमानांचे कुराण आणि ख्रिस्त्यांचे बायबल एकाच टेबलावर ठेवावे आणि सगळ्यांना तेच प्रश्न विचारावेत, एवढेच त्यांचे म्हणणे. ज्यांची उपजीविका एकाच ग्रंथाच्या श्रेष्ठत्वावर अवलंबून होती त्यांना हे रुचणे अवघडच होते.

ऑक्सफर्डने या विषयाला विभाग लगेच दिला नाही. ते काम केले हॉलंडने, आणि तेही कायद्याने. १८७६ च्या उच्च शिक्षण कायद्याने तिथल्या सरकारी विद्यापीठांतल्या ईश्वरशास्त्र विभागांची उलथापालथ झाली. सिद्धांत आणि उपदेश हे विषय चर्चने नेमलेल्या शिक्षकांकडे गेले. सरकारी पगारावरच्या प्राध्यापकांकडे धर्मांचा इतिहास आला. विभागाचे जुने नाव मात्र तडजोड म्हणून कायम राहिले. १८७७ मध्ये लायडनला कॉर्नेलिस टीले या विषयाचे प्राध्यापक झाले. फ्रान्सने आणखी पुढचे पाऊल टाकले. १८८५ साली सरकारने विद्यापीठांतले कॅथलिक ईश्वरशास्त्राचे विभाग बंद केले आणि पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये पदव्युत्तर संशोधनाच्या नामांकित संस्थेत धर्मविज्ञानांचा स्वतंत्र विभाग उघडला. धर्माचे अध्यापन कोणाच्या हाती असावे, हा प्रश्न या दोन्ही देशांत सरकारी खर्चाच्या वादातून सुटला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

अभ्यासाला ग्रंथ हवेत. १८७९ पासून म्युलर यांच्या संपादनाखाली पूर्वेकडच्या धर्मग्रंथांच्या इंग्रजी अनुवादांची माला निघू लागली. ती ५० खंडांवर जाऊन १९१० मध्ये पुरी झाली. तिचा आठवा खंड १८८२ चा, त्यात भगवद्गीता, सनत्सुजातीय आणि अनुगीता. अनुवादक काशिनाथ त्र्यंबक तेलंग, मुंबईचे वकील. पुढे ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरूही. म्युलर आयुष्यात कधी भारतात आले नाहीत. गीता त्यांच्या मालेत आली ती मुंबईत कोर्टाचे काम सांभाळून पोथ्या ताडून पाहणाऱ्या एका मराठी माणसाच्या हातून. या विषयाच्या इतिहासात तेलंगांचे नाव तळटीपेत जाते. ते मजकुरात यायला हवे.

त्यानंतरची मराठी नावे अधिक ठळक आहेत. जमखंडीचे विठ्ठल रामजी शिंदे फर्ग्युसनचे पदवीधर, प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते, विद्यार्थिदशेत सयाजीराव गायकवाडांचे साहाय्य लाभलेले. १९०१ मध्ये ते युनिटेरियन, म्हणजे एकेश्वरवादी ख्रिस्ती, पंथीयांच्या शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात दाखल झाले. हे कॉलेज चर्चच्या चौकटीबाहेरच्या लोकांचे. १८७१ पर्यंत इंग्लंडच्या जुन्या विद्यापीठांत मोक्याच्या जागा मिळवायला चर्च ऑफ इंग्लंडवरची निष्ठा सिद्ध करावी लागे. तो कायदा बदलल्यानंतर, १८८९ मध्ये, हे कॉलेज ऑक्सफर्डला आले. तिथे एस्टलिन कार्पेंटर तौलनिक धर्म शिकवत. ते स्वतः युनिटेरियन धर्मोपदेशक, आणि पाली दीघनिकायाचे संपादकही. शिंदे तिथे दोन वर्षे राहिले. १९०३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या उदार धर्म परिषदेत त्यांनी भारतातल्या उदार धर्मावर निबंध वाचला, परत आले, आणि १९०६ मध्ये मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले. अस्पृश्यतेच्या प्रश्नावरचे त्यांचे लेखन वाचताना त्या शिक्षणाची खूण जागोजागी दिसते. ते देवतांचा, जातींच्या नावांचा, चालीरीतींचा माग काढतात आणि मगच निष्कर्षाला येतात. १९२७ मध्ये ते ब्रह्मदेशालाही जाऊन आले, ते बौद्ध धर्म जवळून पाहण्यासाठी.

धर्मानंद कोसंबी यांची वाट याहून खडतर. गोव्यातल्या सांखवाळचा हा तरुण १८९९ मध्ये बुद्धाच्या शोधात घर सोडून निघाला. पुणे, काशी, नेपाळ, सिलोन असा प्रवास करत त्याने भिक्षूची दीक्षा घेतली आणि पालीवर प्रभुत्व मिळवले. १९१० मध्ये हार्वर्डने कोसंबींना बोलावले. हेन्री क्लार्क वॉरेन यांनी विसुद्धिमग्ग या बौद्ध ग्रंथाच्या संपादनाचे काम अपुरे सोडून १८९९ मध्ये देह ठेवला होता. ते पुरे करायचे होते. कोसंबी राबले, पण ग्रंथावर नाव कोणाचे आणि कसे यावे यावरून हार्वर्डचे प्राध्यापक लॅनमन यांच्याशी त्यांचे बिनसले आणि १९१२ मध्ये ते परत आले. पुढे फर्ग्युसनमध्ये पाली शिकवून ते पुन्हा हार्वर्डला गेले, काम करत राहिले. ग्रंथ अखेर हार्वर्डच्या प्राच्यमालेत १९५० साली निघाला, कोसंबींच्या निधनानंतर तीन वर्षांनी. ज्या विद्येला ज्ञानाची देवाणघेवाण म्हणतात, तिच्यात श्रम एकाचे आणि मुखपृष्ठ दुसऱ्याचे असा व्यवहारही चालत होता. कोसंबींनी तो निमूटपणे सोसला नाही, हे चांगले झाले.

या चरित्रांतून एक गोष्ट स्पष्ट होते. शिंदे ब्राह्म विचारांचे एकेश्वरवादी, कोसंबी बुद्धाचे निष्ठावंत, कार्पेंटर धर्मोपदेशक. यांतला कोणीही श्रद्धाहीन नव्हता. तरी पाठ निश्चित करताना, तारीख लावताना, दोन परंपरांतले साम्य मांडताना त्यांनी श्रद्धेला साक्षीदार म्हणून उभे केले नाही. या विषयाची शिस्त एवढीच मागते, आणि ती पाळणे श्रद्धावंताला जितके अवघड तितकेच धर्माचा तिटकारा असणाऱ्यालाही.

विद्यापीठांतही या काळात विषयाला जागा मिळत होती. १९०४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठाने तौलनिक धर्माचे पद निर्माण केले आणि पाली टेक्स्ट सोसायटीचे संस्थापक ऱ्हीस डेव्हिड्स यांना नेमले. अमेरिकेत शिकागो विद्यापीठ १८९२ मध्ये उघडले, तेव्हापासूनच तिथे या विषयाला जागा होती. पुढच्याच सप्टेंबरात त्या शहरात सर्वधर्म परिषद भरली. विवेकानंद सर्वांना आठवतात, मुंबईचे बी. बी. नगरकर ब्राह्म समाजाच्या वतीने तिथे बोलले होते, हे फारसे कोणाला आठवत नाही. परिषदेमुळे शहरात विषयाला देणगीदार मिळाले. शिकागोचा खरा दबदबा मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरचा. वंशाने ज्यू म्हणून नाझी राजवटीत लाइपझिगमधून काढले गेलेले योआखिम वाख १९४५ मध्ये तिथे आले. त्यांच्यानंतर आले मिर्चा एलिआदे, जे तरुणपणी कलकत्त्यात सुरेंद्रनाथ दासगुप्तांकडे भारतीय तत्त्वज्ञान शिकले होते. पदव्युत्तर चर्चावर्ग, मूळ भाषांचा अभ्यास, शोधप्रबंध आणि स्वतःचे नियतकालिक या सगळ्यांसह या शाखेला तिथे घट्ट रूप आले.

तरीही अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांचा पाय अडत होता. सरकारी पैशाने धर्म शिकवणे घटनेत बसते का? १७ जून १९६३ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शाळेत रोज बायबल वाचून घेण्याची सक्ती रद्द केली. पण त्याच निकालात न्यायालयाने स्पष्ट केले, की शिक्षणाचा भाग म्हणून धर्मांचा तटस्थ अभ्यास करायला मनाई नाही. त्याच सुमारास, १९०९ पासून चालत आलेल्या बायबल-अध्यापकांच्या संघटनेने नाव बदलून अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ रिलिजन असे घेतले. सरकारी विद्यापीठांत एकामागून एक विभाग निघाले.

भारतात हा प्रश्न घटनेच्या २८ व्या कलमापाशी येतो. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देऊ नये, असे ते सांगते. राधाकृष्णन १९३६ पासून ऑक्सफर्डमध्ये पौर्वात्य धर्म आणि नीतिशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या विद्यापीठ आयोगाने १९४८-४९ मध्ये शिफारस केली, की पदवीच्या पहिल्या वर्षी धर्मसंस्थापकांची आणि संतांची चरित्रे, दुसऱ्या वर्षी धर्मग्रंथांतले निवडक उतारे आणि तिसऱ्या वर्षी धर्माच्या तत्त्वज्ञानातले प्रश्न शिकवावेत. शिफारस कागदावरच राहिली. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठाने १९६७ मध्ये गुरू गोविंदसिंग भवनात शीख, हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती, इस्लाम या धर्मांच्या अभ्यासाचा विभाग उभारला; असे प्रयत्न देशात मोजकेच. २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही धार्मिक शिक्षण आणि धर्मांचा अभ्यास यांत फरक केला, आणि घटनेची मनाई पहिल्याला आहे, दुसऱ्याला नाही, असा निर्वाळा दिला. म्हणजे अडसर कायद्याचा नाही, इच्छेचा आहे.

दरम्यान महाराष्ट्राच्या धर्मजीवनावरचे महत्त्वाचे प्रबंध परदेशी विद्यापीठांत लिहिले गेले. हायडेलबर्गचे गुंथर सोन्थायमर धनगरांमागे माळरानावर फिरले आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावर ग्रंथ लिहिला. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी महानुभावांच्या सूत्रपाठावर पेनसिल्व्हेनियात डॉक्टरेट केली, गोविंदप्रभूंचे चरित्र इंग्रजीत नेले आणि पुढे ॲरिझोनातल्या विद्यापीठात धर्माभ्यासाच्या विभागात शिकवले. रा. चिं. ढेरे यांचे श्रीविठ्ठलावरचे १९८४ चे पुस्तक त्यांनीच २०११ मध्ये इंग्रजी वाचकांसमोर ठेवले. ढेरे स्वतः कोणत्याही धर्माभ्यास विभागात प्राध्यापक नव्हते. तसा विभाग असता, तर त्यांच्या हाताखाली किती विद्यार्थी तयार झाले असते, हा विचार अस्वस्थ करतो.

सामग्री आपल्याकडे उदंड आहे: पंढरपूर आणि जेजुरी, रिद्धपूरचे महानुभाव, नांदेडचा गुरुद्वारा, खुलताबादचे दर्गे, कोकणातले बेने इस्रायली, दीक्षाभूमीवरचा १९५६ चा धर्मांतर सोहळा, गोव्यात १६१६ मध्ये छापलेले थॉमस स्टीफन्सचे मराठी क्रिस्तपुराण. यांपैकी एकेका विषयाचे विभाग आणि अभ्यासकेंद्रे आहेत, ती चांगले कामही करतात. पण वारकरी कुटुंबातली मुलगी क्रिस्तपुराणावर आणि वसईचा ख्रिस्ती मुलगा लीळाचरित्रावर प्रबंध लिहील, दोघे एकाच वर्गात एकमेकांचे कच्चे खर्डे तपासतील, असा एम.ए. आणि पीएच.डी.चा मराठी विभाग हवा. महाराष्ट्रातल्या एखाद्या तरी विद्यापीठाने तो सुरू करावा, आणि अशी मागणी वाचकांनीही आपापल्या विद्यापीठाकडे लेखी करावी.