पाय जवळ की लांब?

‘पाय जवळ घे’ हे वाक्य ऐकलं नाही अशी बाई आपल्यात सापडायची नाही. आमच्या बचत गटाच्या बैठकीत हे वाक्य परत आलं, ते वस्तीतल्या मुलींच्या खो-खोवरून. दोघी आयांचं म्हणणं होतं, पोरगी आता मोठी झाली, मैदानावर असं पाय फाकवून बसणं बरं दिसत नाही, पूर्वी असं चालत नव्हतं. पूर्वी म्हणजे कधी, असं आम्ही विचारलं, आणि मग शोधायलाच बसलो.

आपल्या आज्या नऊवारी लुगड्याला कासोटा घालायच्या. कासोट्यात पाऊल हवं तेवढं लांब पडतं. भंडारा-गोंदियाकडे धानाची रोवणी करणारी बाई चिखलात वाकून उभी असते, तेव्हा तिच्या दोन पायांत चांगलं अंतर असतं. चिखलात पाय जुळवून उभं राहून बघा, लगेच कळेल. पुढे गोल साडी आली, समोर निऱ्या आल्या आणि पाऊल आखूड झालं. म्हणजे पावलांची ही मर्यादा आपल्या आजीपेक्षा वयाने लहानच म्हणायची!

तोलाचं गणित सोपं आहे. अंगाचा भार दोन पावलांच्या मधल्या जागेत राहिला की माणूस उभा राहतो. ती जागा रुंद असेल तर कोणी धक्का दिला तरी पडत नाही. फारच रुंद केली तर मात्र पाय चटकन उचलता येत नाही. आखाड्यातले वस्ताद ‘पवित्रा’ शिकवतात तो हाच. (पेपरात पुढारी रोज पवित्रा घेतात, त्यांचे पाय कुठे असतात कोण जाणे.)

१९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बसवले. त्याच वर्षी आपल्या अमरावतीत वैद्य बंधूंनी आखाडा सुरू केला, तोच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. या मंडळाच्या चमूने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवले.

खो-खोत आठ जणी रांगेत उकिडव्या बसतात, एक आड एक उलट्या दिशेला तोंड करून. बसायच्या दोन मुख्य पद्धती शिकवतात. एकीत दोन्ही पावलं शेजारी, मधे अंतर ठेवून. तोल पक्का राहतो. दुसरीत एक पाऊल पुढे, एक मागे. खो मिळताच बाणासारखं सुटता येतं. पाय जुळवून बसलेली मुलगी उठतानाच हेलपाटते, आणि तेवढ्यात पळणारी निसटते.

याच १९३६ साली जर्मनीत हिवाळी ऑलिंपिकमध्ये डोंगरउतारावरचं स्कीइंग पहिल्यांदा आलं, आणि बायकाही त्यात उतरल्या. आपल्याकडे बर्फ म्हणजे गोळेवाल्याचा. तिकडे पायांना लांब पट्ट्या बांधून त्यावरून घसरतात. ऑस्ट्रियात हान्नेस श्नायडर नवशिक्यांना गुडघे वाकवून, पाय फाकवून उतरायला शिकवत. १९५०च्या दशकात तिथलेच श्टेफान क्रुकेनहाउझर यांची पद्धत गाजली. तीत पाय एकमेकांना चिकटलेले. दिसायला फार देखणं, म्हणून शिकणारा जो तो पाय जुळवण्याच्या मागे लागला! शर्यतीत मात्र प्रत्येक पायाला आपापलं काम करायला मोकळीक लागते. पुढे १९९०च्या दशकात मधे निमुळत्या पट्ट्या आल्या आणि बरेच शिक्षक कमरेच्या रुंदीएवढं अंतर ठेवा म्हणू लागले. दिसण्यासाठी जुळवलेले पाय तिकडेही सुटे करावे लागले, हे आम्हाला फार आवडलं.

हे सगळं आम्ही पुढच्या बैठकीत सांगितलं. एक आई म्हणाली, ‘‘ताई, इतिहास ठीक आहे, पण फ्रॉकवर कशी बसेल ती?’’ तिचं खरंच होतं. गटाच्या शिलाई करणाऱ्या बायकांनी अकरा मुलींना पायात सैल पँट शिवून दिल्या, कापडाचा खर्च गटाने केला.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या महाराष्ट्राच्या प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. मुलींनी तो सामना मोबाइलवर परत परत पाहिला. आता सराव रविवारी सकाळी सातला असतो. त्या दोघींपैकी एक आई येऊन कडेला बसते. दुसरी अजून आलेली नाही, तिची मुलगी मात्र येते.